नमुन्याचं घर

किल्लीवाला हे नाव त्याला मी दिलं, आणि त्याचा ताप त्याच्याइतकाच मलाही झाला. मी तळमजल्यावर राहतो, अगदी जिन्याच्या तोंडाशी. त्यामुळे ज्यांची कुलपं अडकलेली असत ती माणसं ‘किल्लीवाले इथंच ना?’ म्हणत आधी माझंच दार वाजवायची. एक गृहस्थ तर कुलूप कडीसकट उपटून घेऊन आले होते. त्यांना मी मोठ्या आदरानं वरचा मजला दाखवला. थोड्या वेळानं ते तणतणत खाली आले.

‘अहो, तो माणूस कॉम्प्युटरसमोर बसलाय! कानस नाही, हातोडी नाही, कसला किल्लीवाला?’

‘त्याच्या किल्ल्या डोळ्यांना दिसत नाहीत,’ मी म्हटलं. गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही माझंच काहीतरी अडकलंय.

पण मी खोटं बोललो नव्हतो. त्याचा धंदा त्यानं मला जिन्यात उभं राहून समजावला होता, हातात दुधाची पिशवी धरून.

‘काका, वेबसाइट बनवायचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. कुणीही घ्यावं, कुणीही बदलावं. त्याला जोडायचं एक प्लगिन मी केलंय. ते जोडलं की घरं विकणाऱ्या एजंटाचं दुकान तयार. घराचा फोटो, खोल्या किती, मजला कुठला, किंमत, नकाशावर टाचणी, सगळं जागच्या जागी.’

‘आणि किल्ली?’

‘ती लायसन्सची. अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक ओळ असते. ती विकत घेतली की अपडेट मिळतात, आणि कुठं अडलं तर मी उत्तर देतो.’

‘नाही घेतली तर?’

‘तरी चालतंच की. ओपन सोर्स आहे. ज्या सॉफ्टवेअरच्या खांद्यावर मी बसलोय त्याची अटच तशी आहे, माझंही सगळं उघडं पाहिजे. कुणी नक्कल केली, गावभर वाटली, तरी मी चकार शब्द काढू शकत नाही.’

‘म्हणजे दार सताड उघडं ठेवून तू किल्ल्या विकतोस!’

तो खो खो हसला. तेव्हा हसायचा. त्या दिवसापासून तो किल्लीवाला.

दिवसभर तो वरच्या खोलीत बसून कुठल्या कुठल्या देशांतल्या एजंटांच्या शिव्या वाचायचा. एकानं नकाशावरचे आडवे-उभे आकडे उलटे भरले, तर त्याचे सगळे बंगले समुद्रात जाऊन पडले. दोष कुणाचा? किल्लीवाल्याचा. एकाला भाड्याची आणि विक्रीची घरं वेगळी दिसायला हवी होती, पण ते बटण दाबायचा त्याला कंटाळा होता. असे लोक प्लगिनला पाचातला एक तारा द्यायचे आणि वर लिहायचे, ‘फुकट असूनही महाग.’ ते वाक्य किल्लीवाल्यानं मला स्वतः वाचून दाखवलं होतं. ‘लिहिणारा लेखक व्हायला हवा होता, काका,’ म्हणाला.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दातांच्या दवाखान्यात कामाला. लोकांना तोंड उघडायला लावून स्वतः मात्र गप्प राहायची सवय झालेली बाई. पण खिडकीचा विषय निघाला की तोंड बंद व्हायचं नाही. वहिनींचं माहेर म्हणजे दोन खोल्या, आणि दोन्हींच्या खिडक्या समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणाऱ्या. सकाळ झाली की नाही ते घड्याळात बघायचं. इथं वरच्या मजल्यावर पूर्वेला भली मोठी गोल खिडकी आहे. वहिनी लग्नाआधी घर बघायला आल्या त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि बाकीच्या खोल्या बघितल्याच नाहीत. मी किल्लीवाल्याला चिडवायचो, ‘लेका, तुला नाही होकार दिला, खिडकीला दिलाय.’ तो म्हणायचा, ‘खिडकीबरोबर मी फुकट. ओपन सोर्स.’

घर मात्र भाड्याचं. मालकीणबाई मधल्या मजल्यावर. त्यांना सगळे मावशी म्हणत, पण त्यांच्याशी लाडात यायची छाती कुणाची नव्हती. जन्मभर त्यांनी कचेरीत लोकांचे करार टाइप केले होते. भाऊ-भाऊ, नवरा-बायको, मालक-भाडेकरू, सगळ्यांचे गोडीगुलाबीचे करार आधी टाइप करायचे आणि पुढं तेच कसे फाटले त्याचे दावेही टाइप करायचे. त्यामुळे त्यांचा कागदावरचा विश्वास साफ उडाला होता. ‘ज्याला शब्द पाळायचा असतो त्याला कागद लागत नाही,’ असं म्हणायच्या. भाचा परदेशातून फोन करकरून सांगत होता, वरचा मजला विकून टाक, भाव चढलेत. मावशी ऐकत नव्हत्या.

एके दिवशी त्यांनी किल्लीवाल्याला आपल्या स्वयंपाकघरात बोलावलं. वरचा मजला तुलाच देणार म्हणाल्या, जमव सावकाश. आणि एक आकडा सांगितला. बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी. ‘हा आकडा भिंतीलाही सांगू नकोस. भाच्याला कळला तर मला वेड्यात काढील.’

तो आकडा त्यानं मलाही सांगितला नाही. या इमारतीत माझ्यापासून लपून राहिलेली ती एकच गोष्ट, आणि तिचा मला किती त्रास झाला ते मी इथं लिहीत नाही. चेहऱ्यावरून मात्र काय ते कळलं. माणूस जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागला.

आता त्याची चूक सांगतो. बाकी कुणी सात जन्मांत करणार नाही, पण त्याच्या धंद्यातला सरळ माणूस हमखास करील, अशी चूक.

नवं प्लगिन बसवलं की दुकान रिकामं दिसतं. म्हणून सोबत एक नमुन्याचं घर द्यावं लागतं. खोटं घर, खोटा भाव, म्हणजे एजंटाला कळावं की आपलं घर भरल्यावर कसं दिसेल. पण फोटो आणायचा कुठून? या उघड्या कारभारात फोटोही उघड्या हक्काचा लागतो. दुसऱ्याचा उचलायचा नाही. बाकीचे सर्रास उचलतात, पण आमचा हा गडी नियमाचा. त्याच सुमारास वहिनींनी गोल खिडकीला निळा पडदा शिवून लावला होता. ऊन पडद्यातून गाळून जमिनीवर आलेलं. त्यानं फोटो काढला. वहिनी पडदा सारखा करत होत्या, त्यामुळे कडेला त्यांचं कोपर आलं, इस्त्रीच्या चटक्याच्या डागासकट. खिडकीतून पलीकडच्या शाळेचं घड्याळही दिसत होतं. तो म्हणाला, राहू दे, खरं वाटतं.

फोटोखाली त्यानं लिहिलं, ‘भरपूर उजेड, शांत शेजार.’ शांत शेजार म्हणजे मी. त्याखाली लिहिलं की हा फोटो कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा, विकावा. आपल्या घराच्या फोटोचे सगळे हक्क त्यानं साऱ्या जगाला देऊन टाकले, आणि घराचा एकही हक्क त्याच्याकडे नव्हता.

मग किमतीचा रकाना आला. तिथं काहीतरी आकडा हवा. ज्याच्या डोक्यात दिवसरात्र एकच आकडा घोळतोय त्याची बोटं दुसरा कुठला आकडा लिहिणार?

इथवर असतं तरी निभावलं असतं. पण त्याला वाटलं, आपणही जरा धंदेवाईकपणा दाखवावा. फुकट्यांकडून किल्ली घ्यायला लावायची कशी? तर त्यानं असं केलं, की फुकट प्रतीतलं नमुन्याचं घर पुसलं तरी परत येतं. कायमचं काढायचं तर किल्ली घ्या. ‘कंटाळून घेतील, काका.’ या युक्तीवर तो इतका खूश होता की त्या संध्याकाळी मला चहा पाजायला घेऊन गेला.

सुरुवातीला खरंच काही किल्ल्या खपल्या. वहिनी दवाखान्यात सांगायच्या, ‘माझं कोपर सगळ्या जगात फिरतंय, मी मेली इथंच.’ मग किल्ल्यांचा खप थंडावला, आणि का थंडावला ते त्याला कळेना. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी अर्धं आयुष्य एजंटांच्या बाकांवर बसून काढलंय, घर घ्यायला नव्हे, गप्पांना. एजंटाला काचेत एक देखणं, स्वस्त घर लागतंच. गिऱ्हाईक ते बघून आत आलं की हळहळायचं, ‘अरेरे, कालच गेलं हो! पण त्याच्यासारखंच दुसरं दाखवतो.’ दुसरं अर्थातच तसं नसतं. तर अशा लोकांच्या हातात किल्लीवाल्यानं काय दिलं? ऊन पडलेली खिडकी, निळा पडदा, आणि मावशींचा मायेचा भाव. पुसलं तरी परत येणारं. ते कशाला किल्ली घेतील!

आमच्याच शहरातल्या कितीतरी एजंटांच्या वेबसाइटवर ते घर विकायला होतं. आम्हा कुणाला पत्ता नव्हता, कारण ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे तो घरं शोधत बसत नाही.

मग एका सकाळी एक जोडपं आलं. नवऱ्याच्या हातात फोन. या बाबतीत मी त्यांना वर पाठवलेलं नाही, हे आधीच सांगतो. मी दाढी करत होतो. ती दोघं सरळ मधल्या मजल्यावर गेली. थोड्या वेळानं मावशींची हाक आली, ‘अहो, तळमजले, जरा वर या.’ मावशी मला तळमजले म्हणत. मी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून गेलो.

तो गृहस्थ सांगत होता, ‘एजंट म्हणतो गेलं, पण महिनोन् महिने फोटो तसाच आहे. मला संशय आला. आणि हे घड्याळ बघा ना. माझी मुलगी या शाळेत आहे, या घड्याळाचा काटा मी रोज बघतो. मग खिडकी हुडकत आलो. म्हटलं एजंटाला मध्ये कशाला घ्या, मालकांनाच भेटू.’

मावशींनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला. आधी पडदा बघितला. मग कोपर बघितलं, डागासकट. मग किंमत. जन्मभर दुसऱ्यांचे आकडे बिनचूक टाइप केलेली बाई. ती किमतीपाशी थांबली आणि हललीच नाही.

‘वरच्याला बोलवा,’ एवढंच म्हणाल्या.

किल्लीवाला उतरला तो हसत. वहिनी मागे, दवाखान्यात निघालेल्या, पर्स खांद्याला. मावशींनी फोन त्याच्यापुढे धरला.

‘हे काय?’

‘अहो मावशी, हा नमुना! प्लगिनबरोबर जातो तो. खरा नाही काही.’

‘घर माझंच ना?’

‘घर तुमचंच, पण...’

‘कोपर हिचं ना?’

वहिनींनी नकळत कोपर पदराखाली घेतलं.

‘मावशी, कुठलं तरी घर दाखवायला लागतं. फोटो उघड्या हक्काचा लागतो, म्हणून मी आपलाच...’

‘आपला?’ मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ‘आणि हा आकडा? हा तुला कुणी दिला? तोही उघड्या हक्काचा होता?’

तो बोलत सुटला. प्लगिन, फुकट प्रत, पुसलं तरी परत येतं, किल्ली घेतली की जातं. जसजसा समजावत गेला तसतसा जास्तच फसत गेला, कारण त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि ऐकायला मात्र लबाडासारखा वाटत होता.

‘थांब,’ मावशी म्हणाल्या. ‘म्हणजे माझं घर लोकांच्या दुकानातून हलू नये, अशी सोय तू मुद्दाम केलीस. आणि हलवायचं तर तुला पैसे द्यायचे.’

‘तसं नाही हो...’

‘तळमजले, मी काही चुकीचं टाइप केलं का?’

मी काय बोलणार? गालावरचा साबण वाळून ओढ बसत होती. मी म्हटलं, ‘मावशी, पोरगं सरळ आहे.’ त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतकी वर्षं या जिन्यात मी केलेली प्रत्येक चहाडी मला त्या नजरेत दिसली. माझ्या साक्षीला काय किंमत असणार!

ते जोडपं कोपऱ्यात अवघडून उभं होतं. बायको हळूच नवऱ्याला म्हणाली, ‘पण विकायचंय की नाही?’

‘विकायचंय,’ मावशी म्हणाल्या. ‘पण या भावात नाही. हा भाव घरच्या माणसाचा होता.’

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलंही नाही. दवाखान्याची वेळ झाली होती, जिना उतरून गेल्या. त्या दिवशी दाराशी त्यांनी मला ‘येते काका’ म्हटलं नाही, एवढं मला आठवतं.

वरचा मजला विकायचं पुढचं सगळं भाच्यानं परदेशातून फोनवर केलं, भराभर. या खेपेला कागद झाले, शिक्के झाले. मावशींनी स्वतः टाइप केले, म्हणे.

किल्लीवाल्यानं मग सुधारायला घेतलं, वेड लागल्यासारखं. नवी प्रत काढली. तिच्यात फोटोच्या जागी चार रेघांचं चित्र, छप्पर आणि दार, किमतीत नुसती शून्यं. पण अपडेट जातात किल्ली घेतलेल्यांना, आणि त्यांनी तर घर कधीच पुसलेलं. फुकट्यांकडे जुनंच. मग त्यानं एकेकाला लिहिलं, हात जोडून. किल्ली फुकट देतो, पण ते घर काढा. बऱ्याच जणांनी किल्ली घेतली आणि घर ठेवलं. एकानं मोठ्या प्रेमानं उत्तर पाठवलं, ‘साहेब, माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या घरानं आणलीत. असंच आणखी एखादं देता का?’

त्यातून दोघा-तिघांनी त्याच्या प्लगिनची नक्कल करून आपापल्या नावानं वाटायला सुरुवात केली होती, नमुन्याच्या घरासकट. त्यांना तो काही बोलू शकत नव्हता. फोटोखाली त्यानंच लिहिलं होतं, कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा, विकावा.

मावशींची समजूत काढायला तो रोज एकदा मधल्या मजल्यावर थांबायचा. दार उघडायचं, साखळी अडकवलेलीच. ‘चित्र बदललंय मावशी, आता घर नाही त्यात,’ तो सांगायचा. ‘बरं,’ मावशी म्हणायच्या आणि दार लावायच्या. ज्या बाईला आपण लबाड वाटू नये म्हणून त्यानं एवढा आटापिटा चालवला होता, तिच्या लेखी तो आता एक भाडेकरू होता, नोटीस दिलेला.

शेवटी घर शोधायची वेळ आली. वहिनी मला म्हणाल्या, ‘काका, तुम्ही चला बरोबर. यांना कुणीही गुंडाळतं.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. नवऱ्याशी त्या आता तशाच बोलायच्या, दवाखान्यात आलेल्या माणसाशी बोलावं तशा. बसा. थांबा. झालं.

माझ्या ओळखीच्या एजंटाकडे गेलो. छोटीशी जागा, पंख्याखाली टेबल, भिंतीवर कधीच न बांधल्या गेलेल्या इमारतींची रंगीत चित्रं. एजंट तोंडाळ, पण कामाचा. त्यानं आमचं बजेट विचारलं, मान डोलावली, आणि कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला.

पहिलंच घर. गोल खिडकी, निळा पडदा, कडेला कोपर.

मी किल्लीवाल्याकडे बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

‘हे बघा, वहिनी,’ एजंट रंगात आला, ‘असं घर पुन्हा येत नाही. काय उजेड आहे!’

‘सकाळचा का?’ वहिनींनी विचारलं.

‘सकाळचा, दुपारचा, अहो दिवसभर! मी स्वतः जाऊन आलोय ना.’

‘कुणी राहतं का तिथं?’

‘छे, रिकामंच आहे.’

‘मग ही बाई कोण?’

एजंटानं पडद्यावर वाकून कोपर बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच बघत असावा. ‘असेल कुणीतरी,’ म्हणाला, ‘फोटोपुरती उभी केलेली.’

वहिनी हसल्या. त्या सगळ्या दिवसांत मी त्यांना हसताना बघितलं ते तेव्हाच, आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. ‘बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मग जाऊ या का बघायला?’

‘अरेरे, कालच गेलं हो! पण त्याच्यासारखंच दुसरं आहे. जरा आतल्या बाजूला, एवढंच. खिडकी थोडी भिंतीकडे आहे.’

किल्लीवाला पुढे वाकला. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत प्लगिनच्या प्रतीचा नंबर असतो, तो त्यानं वाचला. सवय, दुसरं काय.

‘जुनी प्रत आहे तुमची,’ तो एजंटाला म्हणाला. ‘अपडेट करून घ्या. मी करून देतो, आत्ता, फुकट.’

‘त्यानं काय होईल?’

‘हे घर जाईल.’

एजंटानं पडदा आपल्याकडे फिरवून घेतला. ‘मग नको,’ म्हणाला, आणि खिळ्यावरच्या किल्ल्यांतून आतल्या बाजूच्या घराची किल्ली शोधायला लागला.